मनगट आणि खांदा

आईने आयुष्यातला पहिला स्ट्राइक मारला तेव्हा तिच्या उजव्या हातात सहा हिरव्या बांगड्या होत्या आणि डाव्या हाताने तिने पदर खोचून धरला होता. न्यू जर्सीतल्या आमच्या फ्लॅटचा हॉल, २००७ चा डिसेंबर, बाहेर बर्फ. बॉलिंगच्या दहाच्या दहा पिना आडव्या झाल्यावर तिने टीव्हीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मीच काहीतरी दाबलं असणार, अशी तिची खात्री होती.

"मी काही केलं नाही," मी म्हणालो.

"मग कुणी केलं?"

"तूच."

तिने हातातला पांढरा रिमोट उलटासुलटा करून बघितला. "परत लाव," म्हणाली.

परदेशातल्या मराठी घरांना आई-वडिलांचे ते सहा महिने चांगले ठाऊक असतात. पहिला महिना कौतुकात जातो: ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, मॉल, भारतीय दुकानातली ताजी मेथी. मग थंडी पडते आणि माणसं घरात कोंडली जातात. रस्त्यावर चालणारं कुणी दिसत नाही, शेजारची दारं बंद, दुपार संपता संपत नाही. बाबा एस.टी.च्या डेपोत कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते रोज खिडकीत उभे राहून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायचे. आई तिसऱ्यांदा आवरलेलं कपाट चौथ्यांदा आवरायची.

अशा घरात वी आला, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम, तो बायकोच्या हट्टाने. ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे ती एकदा खेळून आली होती. वी अमेरिकेच्या बाजारात येऊन वर्ष झालं तरी तो दुकानात सहजी मिळत नव्हता. रविवारी पहाटे जाऊन रांगेत उभं राहावं लागे. मी उभा राहिलो, बोटं बधिर होईपर्यंत, आणि संपूर्ण वेळ मनात एकच: एका खेळण्यासाठी हे काय चाललंय?

खेळणं हा शब्द मी शिवी म्हणूनच वापरत होतो. मी खरा गेमर. सांगलीत स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात बाराव्या वर्षी हात साफ केलेला. खिशातली चिल्लर संपली की दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत उभं राहायचं, त्याचा माणूस मेला की "अरे, तिथं उडी मारायची होती" म्हणून सल्ला द्यायचा आणि शिव्या खायच्या. त्या वर्षी घरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स होता, सप्टेंबरात त्यावर हेलो ३ हा गोळीबाराचा खेळ आलेला होता, आणि रात्री अकरानंतर मी हेडफोन लावून कुठल्या तरी कॅन्सासमधल्या पोरांशी लढत असे. आमच्यासारख्यांचा जगाकडे बघण्याचा हिशोब सरळ होता. एका बाजूला आम्ही, हार्डकोअर. दुसऱ्या बाजूला कॅज्युअल, म्हणजे जे खेळता खेळता फोन घेतात, ज्यांना दोन काड्या आणि दहा-बारा बटणं असलेला कंट्रोलर हातात दिला की तो गरम तवा असल्यासारखा धरतात. वी त्यांच्यासाठी होता. हात हलवा, काहीतरी होतं. आमच्या मंडळीत त्याला तुच्छतेने 'हलवाहलवी' म्हणायचे.

आणि कागदावर बघितलं तर तुच्छता रास्तच होती. सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० हाय डेफिनिशन चित्रं दाखवत होते. वीच्या पोटातलं यंत्र निन्टेन्डोच्याच आधीच्या, २००१ सालच्या गेमक्यूबपेक्षा फार पुढचं नव्हतं. चित्र जुन्या टीव्हीच्या दर्जाचं. पण प्लेस्टेशन ३ बाजारात आला तो ५०० आणि ६०० डॉलरला, आणि वी २५० ला, तोही आत खेळाच्या डिस्कसकट.

निन्टेन्डोला ही चाल नवी नव्हती. त्यांच्याकडे गुनपेई योकोई नावाचा एक अवलिया होऊन गेला. हातात धरून खेळायचे गेम अँड वॉच आणि गेम बॉय त्याचे. त्याचं म्हणणं असं, की अगदी नवं, महागडं तंत्र धरायला धावू नका; वापरून वापरून स्वस्त झालेलं, खोडी कळलेलं तंत्र घ्या आणि ते कुणाच्या डोक्यातही येणार नाही अशा ठिकाणी लावा. आपण मुरलेलं लोणचं काढतो तसं. तो १९९७ मध्ये अपघातात गेला, पण रीत घरात राहिली. सप्टेंबर २००५ मध्ये टोकियोच्या गेम शोमध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता मंचावर आले आणि त्यांनी दाखवला तो चक्क टीव्हीच्या रिमोटसारखा एक लांबोडका तुकडा. त्याला रिमोटच म्हणायचं, हा त्यांचा आग्रह होता. कंट्रोलर टेबलावर पडलेला असला तर घरातली निम्मी माणसं त्याला हात लावत नाहीत. रिमोटला मात्र सगळेच हात लावतात, किंबहुना त्यावरून भांडतात.

तर त्या रिमोटने आईला पकडलं.

आधी तिचा बाहुला केला. वीमध्ये प्रत्येकाचा एक गोल डोक्याचा बाहुला, त्याला 'मी' म्हणतात. (मराठी माणसाला याहून सोपं नाव कुणी दिलं असतं?) बायकोने आईला समोर बसवून नाक, भुवया, अंबाडा जमवला. आई म्हणाली, "कुंकू?" कुंकू त्या यंत्रात नव्हतं. तीळ होता. तीळ कुठेही सरकवता येतो आणि मोठा करता येतो, हे बायकोच्या लक्षात आलं. तो वर कपाळावर नेऊन मोठा केला. काळा होता, पण आईला चालला. "शनिवारी काळी टिकली लावतेच की मी," ती म्हणाली.

बाबांना टेनिस दिलं. त्या टेनिसमध्ये आपला बाहुला चेंडूपर्यंत आपोआप पळतो. आपण फक्त योग्य वेळी हात फिरवायचा. बाबांनी दोन गेम जिंकले आणि रिमोट ठेवून दिला.

"काय झालं?"

"पळतो कोण?"

"तोच पळतो."

"मग मी काय करतोय?"

त्यांना ते कधीच पटलं नाही. बॉलिंगचं मात्र वेगळं होतं. तिथे पळायचं नसतंच. बी बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि ऐन वेळी बटण सोडायचं. सुरुवातीला आईचं बटण मागेच सुटायचं आणि चेंडू पाठीमागे बसलेल्या बाहुल्यांत जाऊन पडायचा. ते दचकून उड्या मारायचे. पहिल्या दिवशी आईने त्यांची माफी मागितली. खरंच, "अगं बाई, लागलं का?" असं मोठ्याने. चौथ्या दिवसापासून ती मुद्दाम एक चेंडू मागे टाकायला लागली.

आठवड्याभरात तिची एक लकब तयार झाली. आधी हाताची दोरी घट्ट करायची. ही दोरी हा गंमतीचा विषय नव्हता. यंत्र बाजारात आल्या आल्या लोकांनी जोशात रिमोट भिरकावले, दोऱ्या तुटल्या, टीव्ही फुटले, आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या जाड करून बदलून द्यायचं जाहीर केलं. आई दोरी बांगड्यांच्या वर सरकवायची, बांगड्या कोपराकडे ढकलायची, मग दीड पाऊल पुढे. दीडच. डावा गुडघा थोडा वाकायचा. हात सोडल्यावर ती तशीच वाकलेली, चेंडू पोहोचेपर्यंत डाव्या खांद्याने त्याला ढकलत राहायची. चेंडू उजवीकडे चालला की ती डावीकडे झुकायची, जणू दोघांच्यात दोरा बांधलेला आहे.

मी सोफ्यावर बसून खेळायचो. मला दुसऱ्याच दिवशी गुपित कळलं होतं. रिमोटच्या आत एक प्रवेगमापक असतो: सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला. हात हलला की ठोकळा मागे राहतो आणि तो किती सरकला ते विजेच्या भाषेत कळतं. मोटारीतली एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवायला याच जातीच्या चिपा वापरतात. म्हणजे योकोईचं मुरलेलं लोणचंच. पण या ठोकळ्याला धक्का आणि रिमोटचा कल तेवढाच कळतो. धक्का खांद्यातून आला की मनगटातून, माणूस उभा आहे की लोळतोय, हे त्याला कळत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीच्या आसपास त्याची मोजपट्टीही संपते. म्हणजे मनगटाचा एक नेटका झटका आणि आईचं ते दीड पाऊल, गुडघा, खांदा, पदर, हे सगळं त्याच्या लेखी सारखंच. उलट मनगट बरं, दरवेळी सारखं पडतं.

मग काय. पाय टीपॉयवर, हात मांडीवर, एक झटका, स्ट्राइक. आई बघत होती.

"खेळतोयस का टीव्हीचा आवाज कमी करतोयस?"

मी तिला शिकवलं. शिकवण्यात थोडी दया होती, थोडी बढाई. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि झटके मारायला लागली. १४० च्या आगेमागे असायची ती दोन दिवसांत १८० ला गेली. बाबांनी वहीत आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरूनच काम करत होतो, हॉलमधून पावलांचा आवाज आला. दीड पाऊल. जाऊन बघितलं तर ती उभी, स्कोर १३१.

"अगं, बसून जास्त पडतात ना?"

"पडतात," ती म्हणाली. "पण त्यात हात कुठाय?"

तिच्या बोलण्यात 'हात' येतो तो स्वयंपाकातून. वाटण मिक्सरमध्ये केलं की पाट्यावर, पीठ कुणी मळलं, त्यात हात आहे की नाही. मी हसलो आणि कामाला गेलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण त्याने माझ्या हार्डकोअर-कॅज्युअलच्या वाटणीला चरा पाडला होता.

हार्डकोअर खेळाडू करतो काय? तो खेळाचे शिवण उसवून बघतो. यंत्राला नेमकं काय कळतं ते शोधतो आणि तेवढंच त्याला देतो, वर एक कणही नाही. यात लबाडी नाही. यातच त्याचा आनंद असतो आणि तो मोठा आनंद आहे, मी अजूनही त्याचा भक्त आहे. कॅरममध्ये मुरलेला माणूस बघा. नवशिका अख्खा खांदा लावून स्ट्रायकर मारतो, सोंगट्या बोर्डाबाहेर. मुरलेला एका नखाने मारतो. काटकसर हीच त्याची कला. वीच्या रिमोटचं आम्ही दुसऱ्या दिवशी काय केलं? त्याचं बटण केलं. हवेत दाबायचं बटण.

आई उलट दिशेने आली होती. बटण शिकावं लागतं. चेंडू फेकणं तिला शिकावं लागलं नाही. लगोरी, विहिरीतली घागर, मंगळागौरीच्या फुगड्या, धुण्याचे पिळे, सगळं त्या खांद्यात साठून होतं आणि साठाव्या वर्षी कुणीतरी येऊन म्हणालं, की हे चालेल, हेच पाहिजे. पिना हे निमित्त. मला स्कोर हवा होता आणि हालचाल ही त्याची किंमत होती, म्हणून मी ती कमी करत नेली. तिला हालचालच हवी होती. तिने घासाघीस कशाला करावी?

आणि मी तरी कुठला इतका कोरडा होतो? सांगलीत मामाच्या घरी कॅसेटवाला टीव्ही गेम होता. त्यावर मारिओ खड्ड्यावरून उडी मारायचा तेव्हा आम्ही सगळी पोरं हातातला कंट्रोलर वर उचलायचो. वायर ताणून यंत्र टीव्हीवरून खाली यायचं, मामी ओरडायची. उचलून काही होत नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी प्रत्येक उडीला उचलायचो. गाडीच्या खेळात वळणावर अंग झुकायचं. गोळी आली की मान खाली जायची. अंग पहिल्यापासून बोलतच होतं. ऐकणारं यंत्र तेवढं उशिरा आलं. आणि आलं तेव्हा, ज्यांना यंत्राची भाषा आधीच येत होती त्या आम्ही नाकं मुरडली.

जानेवारीत एक किरकोळ अपघात झाला. टीव्हीखाली ठेवायची ती पट्टी, जिला सेन्सर बार म्हणतात, तिची वायर व्हॅक्यूममध्ये ओढली जाऊन तुटली. माझ्याच हातून. पडद्यावरचा बाण गायब, आणि बाणाशिवाय खेळ निवडता येईना. त्या पट्टीचं नावच फसवं आहे: तिच्यात सेन्सर नसतो, नुसते इन्फ्रारेड दिवे असतात दोन टोकांना. बघणारा डोळा रिमोटच्या नाकात. त्याला वीतभर अंतरावरचे दोन ठिपके दिसले की आपण कुठे रोखलंय हे तो काढतो. म्हणजे इन्फ्रारेड देणारं काहीही चालेल. मेणबत्त्या शोधल्या, घरात नव्हत्या. शेवटी आई देवघरातली दोन निरांजनं घेऊन आली, तूप घातलं, टीव्हीखाली वीतभर अंतराने ठेवली.

बाण आला. निरांजनाची ज्योत हलली की किंचित थरथरायचा, पण आला. बाबा खुर्चीतून उठून पुढे आले, ज्योतींकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आई हात जोडणार होती, मग स्वतःलाच हसली. नवी पट्टी पोस्टाने यायला पाच दिवस लागले. पाच दिवस आमच्या घरी दुपारी तीनला टीव्हीपुढे दिवे लागत होते.

तीन म्हणजे तीन. वामकुक्षी, चहा, मग चार वाजेपर्यंत खेळ. मधेच यंत्र उघड्या खिडकीचं चित्र दाखवून थोडी विश्रांती घ्या म्हणायचं. आई त्याला "हो हो" म्हणून पुढे जायची. आज किती वेळ खेळलात हे ते रोज आपणहून नोंदवून ठेवतं. बाबा संध्याकाळी ते वाचायचे. "हे मशीन आमच्या डेपोत पाहिजे होतं," असं एकदा म्हणाले. टेनिस सोडलेले बाबा खेळाच्या बाहेर कधी गेलेच नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे. '१४ जाने. बर्फ. सौ. १६३.' '१५ जाने. ऊन, वारा. सौ. १५८. डावीकडे ओढते आहे.' अशी पानंच्या पानं. एका बाजूला मी, आठवड्यातून तीनदा, कंटाळा आला की डिस्क बदलणारा. दुसऱ्या बाजूला ती, एकच खेळ, एकच वेळ, खाडा नाही. आमच्यातलं कॅज्युअल कोण, हे वही बघून तुम्हीच ठरवा.

असं नुसतं आमच्याच घरी चाललं नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत आणि निवृत्तांच्या वसाहतींत वी बॉलिंगच्या स्पर्धा भरत होत्या. ज्यांना आता खरा, सहा-सात किलोचा चेंडू पेलत नव्हता अशी माणसं टीशर्ट घालून संघ करून खेळत होती. दुसऱ्या टोकाला, २००७ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटं पत्र आलं होतं: २९ वर्षांचा एक डॉक्टर रविवारी सकाळी खांदा धरून उठला, कारण आदल्या दिवशी तासन् तास वीवर टेनिस खेळला होता. दुखण्याला त्याने वीचंच नाव जोडून दिलं. मला त्या डॉक्टरचं कौतुक वाटतं. त्याला मनगटाचं गुपित कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याने खांदाच वापरला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. वी १० कोटींहून जास्त विकला गेला, आणि मग सगळे त्या वाटेने धावले. २०१० मध्ये सोनीने मूव्ह काढला, मायक्रोसॉफ्टने किनेक्ट. किनेक्टने तर हातातला रिमोटही काढून टाकला. कॅमेराच तुमचं अंग बघणार. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपले. मी घेतला होता. मला तो कधी रुचला नाही, आणि माझं कारण तांत्रिक नाही. हातात काही नसलं की माणूस मुका अभिनय करतो. आईच्या सगळ्या कौशल्याला मूठ लागते: लाटणं, घागरीचा काठ, दोरी. रिकाम्या हाताने चेंडू टाकायचा म्हणजे नैवेद्याशिवाय घंटा. २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच बंद झालं.

वीचं पुढे काय झालं याची अर्धी गोष्ट आमच्या हॉलमध्येच घडली होती. मार्चमध्ये मी आईसाठी दोन नवे खेळ आणले. तिने बघितले, चांगले आहेत म्हणाली आणि बॉलिंग लावलं. "हा झिजलाय का?" असं विचारलं तिने, अगदी प्रामाणिकपणे. धंद्याच्या दृष्टीने याहून वाईट गिऱ्हाईक नाही. यंत्रासोबत फुकट आलेल्या डिस्कवर सुखी असलेली अशी माणसं लाखोंनी होती. कंपन्यांचं पोट भरतं ते आमच्यासारख्या असमाधानी जिवांवर, ज्यांना दर महिन्याला नवं लागतं. २०१२ मध्ये वीचा वारसदार वी यू आला तेव्हा ती लाखो माणसं रांगेत नव्हती. तो सारा मिळून दीड कोटीसुद्धा खपला नाही. वेळ घालवणारे तोवर फोनवर बोटाने फळं कापायचे खेळ खेळत होते. आणि आई सांगलीला परतली होती, तिथे तिला तीन वाजता करायला पुष्कळ होतं.

गेल्या मे महिन्यात सांगलीला गेलो. ताईचा धाकटा, वय १७, बीजीएमआय हा फोनवरचा गोळीबाराचा खेळ खेळतो. खेळतो म्हणजे क्लासच्या वेळा त्याभोवती बसवतो. चार बोटं पडद्यावर खेकड्यासारखी, कानात इअरफोन. मी शेजारी बसून बघत होतो. गोळीबार सुरू झाला की तो फोन किंचित तिरका करत होता, केसभर. बंदुकीचा धक्का वर जातो, तो फोन खाली झुकवून दाबत होता.

"हे काय करतोस?"

"जायरो, मामा. फोन वळला की कळतं त्याला. ऑलवेज ऑन. अंगठ्याने एवढं बारीक नाही जमत. सगळे प्रो हेच करतात."

सगळे प्रो हलवाहलवी करतात! मी त्याला वीचं सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं, जसं आपण आजोबांकडून चाळीतल्या भाड्याचं ऐकतो. शेवटचं वर्तुळ लहान होत होतं, समोरून कुणीतरी मारत होतं, त्याचा माणूस भिंतीआड बसला. आणि भाच्याने मान खाली घातली. खुर्चीत बसल्या बसल्या खांदे आवळून, डोकं एका बाजूला. जायरोला त्या मानेचा काही उपयोग नव्हता.

दारात आई उभी होती, आता सत्त्याहत्तरीची, हातात लसणाची परडी. "लपला बघ," ती म्हणाली.

डाव संपल्यावर तो म्हणाला, "आजी, तुला लावून देऊ? गाडीचा आहे, फोन वाकवला की वळते."

आईने परडी टेबलावर ठेवली. आम्ही दोघं बसलेलो; ती बसली नाही. हात पदराला पुसले, फोन घेतला, बांगड्या कोपराकडे ढकलल्या आणि फोनच्या कडेवरून बोट फिरवत काहीतरी शोधायला लागली.

"याची दोरी कुठाय?"